अवॉर्ड हातात, पैसे अजून त्यांच्याकडेच: न्यूयॉर्कमधल्या एका कन्फर्मेशनचं प्रकरण

आर्बिट्रेशनचा, म्हणजे कोर्टाबाहेरच्या लवादाचा, निकाल (अवॉर्ड) हातात आल्यावर तो अमेरिकेतल्या कोर्टाकडून पक्का करून घेण्याचं, म्हणजे कन्फर्मेशनचं, हे प्रकरण. त्यात मी जिंकलेल्या कंपनीच्या बाजूने कागदपत्रं आणि हिशेब सांभाळत होतो, वकील नाही, त्यामुळे जे लिहितोय ते टेबलाच्या अलीकडच्या बाजूने बघितलेलं आहे. नावं काढलीयेत, तारखा आणि आकडे थोडे हलवलेत, पण दोन तारखांमधली अंतरं होती तशीच ठेवलीत कारण सगळी गोष्ट त्या अंतरांचीच आहे.

पार्श्वभूमी

भारतातली एक मध्यम आकाराची सॉफ्टवेअर कंपनी, दोन चुलतभावांची. अमेरिकेतली कामं घ्यायला त्यांनी तिथे एक एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढलेली, तिची शंभर टक्के मालकी भारतातल्या कंपनीकडे. 2020 मध्ये या एलएलसीने न्यूयॉर्कच्या एका वितरण व्यवसायातल्या कंपनीबरोबर करार केला, स्टॉक आणि गोदामांची सिस्टीम बांधून द्यायची. करारात न्यूयॉर्कचा कायदा, वाद झाला तर न्यूयॉर्कमध्ये आर्बिट्रेशन, एकच आर्बिट्रेटर (लवाद), एका नावाजलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे नियम. हे कलम कुणी नीट वाचलं होतं असं म्हणणं धाडसाचं होईल, आधीच्या करारातून उचलून चिकटवलेलं होतं.

2022 च्या मध्यात क्लायंटने शेवटची पाच बिलं अडवली. म्हणणं असं की वाढीव कामाला लेखी मंजुरी नव्हती. आमचं म्हणणं, मंजुरी ईमेलवर दर आठवड्याला होती आणि सिस्टीम तर तुम्ही वापरताय. मागणी 6,40,000 डॉलरची. आर्बिट्रेशन दीड वर्ष चाललं, त्यात इथे शिरत नाही.

6 मार्च 2024 ला अवॉर्ड आला. मुद्दलाचा मोठा भाग आमच्या बाजूने, प्रत्येक बिलाच्या तारखेपासून 9 टक्के सरळ व्याज (न्यूयॉर्कचा ठरलेला दर), वर खर्चापोटी 61,000. ऑफिसात पेढे वाटले गेले, आणि मोठे सर (दोघा भावांतले थोरले) मला म्हणाले, "आता अकाउंट नंबर पाठवून दे त्यांना."

अडचण

गैरसमज इथूनच सुरू झाला, आणि तो समजण्यासारखाही आहे. आपल्याकडे आर्बिट्रेशनच्या 1996 च्या कायद्यात कलम 34 खाली आव्हान द्यायची मुदत संपली की अवॉर्ड थेट डिक्रीसारखा वसुलीला लावता येतो, आव्हान दिलंच तर स्टे वेगळा मागावा लागतो. कोर्टाने आधी त्यावर शिक्का मारायचा असा टप्पा नाही. 1940 च्या जुन्या कायद्यात होता, अवॉर्ड कोर्टात नेऊन त्याचा 'रूल ऑफ कोर्ट' करून घ्यावा लागायचा, जुने वकील अजून तो शब्द वापरतात. अमेरिकेत तसा टप्पा आजही आहे. 1925 चा फेडरल आर्बिट्रेशन ॲक्ट, त्याचं कलम 9: अवॉर्ड झाल्यापासून एक वर्षाच्या आत कोर्टात जाऊन तो कन्फर्म करून घ्यायचा, मग कोर्ट त्यावर जजमेंट देतं आणि त्या जजमेंटवर बँक खातं गोठवता येतं, मालमत्तेवर बोजा चढवता येतो. तोपर्यंत अवॉर्ड बंधनकारक असतो खरा, पण शेरीफ त्याच्या जोरावर कुणाचं दार वाजवत नाही.

समोरची पार्टी हे पक्कं जाणून होती. अकाउंट नंबर पाठवला, पोच आली, पैसे आले नाहीत.

त्यात दुसरी भानगड. अवॉर्डच्या तक्त्यात पाच बिलांची बेरीज 5,12,000 होत होती पण शेवटच्या आदेशात आकडा 4,74,000 छापला होता, एक 38,000 चं बिल बेरजेतून निसटलेलं. हे मला सापडलं एकविसाव्या दिवशी, तेही व्याजाचं शीट बनवताना, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशीच कॅल्क्युलेटर घेऊन बसायला हवं होतं.

पहिला निर्णय: चूक आधी दुरुस्त करायची की कोर्टाकडून करून घ्यायची

दोन रस्ते होते. त्या संस्थेच्या नियमांत अवॉर्ड मिळाल्यापासून 30 दिवसांत आर्बिट्रेटरकडेच आकडेमोडीची दुरुस्ती मागता येते. किंवा त्या फेडरल ॲक्टच्या कलम 11 खाली कोर्टाला सांगता येतं की आकडे मोजण्यात ढळढळीत चूक आहे, सुधारून द्या, पण त्यासाठी अर्जाची नोटीस तीन महिन्यांत समोरच्याला पोचवावी लागते. धाकटे सर म्हणत होते कोर्टात जायचंच आहे तर तिथेच एकदम मागू. आमच्या वकीलबाईंनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, कोर्टासमोर आपण स्वच्छ कागद घेऊन जायचं, आपल्याच अवॉर्डमध्ये चूक आहे हे वाक्य आपल्या पिटिशनमध्ये पहिल्या पानावर कशाला. तेविसाव्या दिवशी अर्ज गेला, 25 एप्रिलला दुरुस्त अवॉर्ड आला, 5,12,000.

पण यातून एक गुंता तयार झाला: आता मुदती कुठून मोजायच्या, 6 मार्चपासून की 25 एप्रिलपासून? वकीलबाईंनी केलेली युक्ती मी वहीत लिहून ठेवलीय. आपल्यावर जी मुदत आहे ती कायम आधीच्या तारखेपासून मोजायची आणि समोरच्यावर जी आहे ती नंतरच्या तारखेपासून. म्हणजे आमचं वर्ष संपणार 6 मार्च 2025 ला, आणि त्यांचे आव्हानाचे तीन महिने संपणार 25 जुलै 2024 ला. कोर्टाने कुठलीही तारीख धरली तरी आपण आत.

दुसरा निर्णय: तडजोडीची ऑफर

एप्रिलमध्येच त्यांच्याकडून निरोप आला. 3,60,000 देतो, सहा हप्त्यांत, अट एकच की कोर्टात जायचं नाही. मोठे सर जवळजवळ तयार होते, दोन वर्षं झाली, पगार भागवायचेत, कोर्टाचा खर्च वेगळा, आणि नात्यात कटुता नको (कसली नाती उरली होती देव जाणे). धाकटे सर ऐकायला तयार नव्हते. दोघांत जोरात वाजलं.

वकीलबाईंनी तिसरा पर्याय ठेवला, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शहाणी चाल हीच. हप्ते मान्य करा, आकड्यावरही थोडं खाली या, पण त्यांच्याकडून आत्ताच एक कागद सही करून घ्या की एकही हप्ता चुकला तर दुरुस्त अवॉर्डच्या पूर्ण रकमेचं जजमेंट त्यांच्या संमतीने नोंदवावं, आणि हप्ते चालू असेपर्यंत कन्फर्मेशनची मुदत गोठलेली धरावी. ज्याला खरोखर पैसे द्यायचेत त्याला या कागदाची भीती वाटायचं कारण नाही. समोरून दहा दिवस काहीच नाही, मग उत्तर आलं की असा कागद देणं त्यांच्या धोरणात बसत नाही. मोठ्या सरांचं मन त्या दिवशी फिरलं. हप्त्यांच्या गप्पांत कन्फर्मेशनचं वर्ष संपवायचं आणि मग हात वर करायचे, असा डाव होता की नाही हे सिद्ध करता येणार नाही, पण मला तरी शंका नाही.

तिसरा निर्णय: लगेच फाइल करायचं की थांबायचं

आमचे मतभेद अजूनही मिटलेले नाहीत ते याच मुद्द्यावर.

अवॉर्ड रद्द करायचा असेल तर अर्जाची नोटीस तीन महिन्यांत पोचायला हवी असं कलम 12 म्हणतं. आणि न्यूयॉर्क ज्या अपील कोर्टाखाली येतं त्या सेकंड सर्किटमध्ये 1984 च्या फ्लोरासिंथ निकालापासून भूमिका अशी की तीन महिने गप्प बसलेल्याला नंतर कन्फर्मेशनला विरोध करताना तीच कारणं मागच्या दाराने आणता येत नाहीत. म्हणजे आपण लगेच पिटिशन टाकली तर समोरचा जागा होतो आणि उलट अर्ज टाकतो, आपण थांबलो आणि तो झोपून राहिला तर त्याचं सगळ्यात मोठं हत्यार आपोआप बोथट. वकीलबाईंचा सल्ला थांबायचा होता. शिवाय व्याज चालूच, दिवसाला जवळजवळ सव्वाशे डॉलर.

थांबण्याची दुसरी बाजू कुणी फार बोललं नाही, मीही नाही. थांबलेल्या काळात समोरचा काय करतो यावर आपला काहीच ताबा नसतो. ऑगस्टमध्ये सार्वजनिक नोंदी तपासल्या तेव्हा कळलं की जुलैत त्यांनी येणी आणि स्टॉक एका कर्जदात्याकडे तारण ठेवलेत, यूसीसीची (तारणाची सार्वजनिक) नोंद केलेली. म्हणजे आम्ही बोजा चढवायला पोचायच्या आत दुसरा कुणीतरी रांगेत पुढे उभा.

चौथा निर्णय: कुठलं कोर्ट

फेडरल कोर्ट की न्यूयॉर्कचं स्टेट कोर्ट, हा प्रश्न आम्हाला क्षुल्लक वाटला होता. कायदा फेडरल आहे म्हणजे कोर्ट फेडरल, असं साधं गणित. ते चुकीचं निघालं. हा ॲक्ट स्वतःहून फेडरल कोर्टाचा दरवाजा उघडत नाही, आणि 2022 च्या बॅजरो निकालात सुप्रीम कोर्टाने आणखी घट्ट केलं की कन्फर्म करायच्या किंवा रद्द करायच्या अर्जावर कोर्टाने मूळ वादात डोकावून अधिकारक्षेत्र शोधायचं नाही, अर्जातच ते दिसलं पाहिजे.

परदेशी पार्टी असेल तर सोपं असतं, 1958 चं न्यूयॉर्क कन्व्हेन्शन (परदेशी अवॉर्डना मान्यता देणारा आंतरराष्ट्रीय करार) लागू होतं, फेडरल कोर्ट उघडं होतं आणि कन्फर्मेशनला एकाऐवजी तीन वर्षं मिळतात. मोठे सर तीन वर्षं हा आकडा कुठूनतरी ऐकून निवांत होते. पण करारावर सही कुणाची? एलएलसीची, जी अमेरिकन कायद्याखाली बनलेली. दोन्ही बाजू अमेरिकन असतील तर कलम 202 नुसार कन्व्हेन्शन लागायला परदेशाशी ठोस संबंध दाखवावा लागतो, उदाहरणार्थ काम परदेशात होणार होतं. आमचं काम भारतातूनच झालं होतं, मुद्दा चांगला होता, पण चांगला मुद्दा आणि खात्रीची मुदत या वेगळ्या गोष्टी. म्हणून ठरलं की एकच वर्ष आहे असं धरूनच चालायचं.

दुसरा आधार डायव्हर्सिटीचा, म्हणजे दोन्ही बाजू वेगळ्या राज्यांच्या किंवा देशांच्या आणि रक्कम 75,000 डॉलरच्या वर. इथे गंमत अशी की एलएलसीचं नागरिकत्व तिच्या मालकांवरून ठरतं, कुठे नोंदवली त्यावरून नाही. आमच्या एलएलसीची एकुलती एक मालक भारतीय कंपनी, म्हणजे या कामापुरती ती भारताची. जी रचना कन्व्हेन्शनसाठी आडवी आली तीच इथे उपयोगी पडली.

प्रत्यक्षात काय केलं

5 ऑगस्ट 2024 ला फेडरल कोर्टात पिटिशन गेली. धाकट्या सरांनी वीस पानांचा इतिहास लिहून दिला होता, क्लायंटने कसं वागवलं, कोण काय बोललं. वकीलबाईंनी त्यातलं एक पानही घेतलं नाही. करार, आर्बिट्रेशनचं कलम, अवॉर्ड, दुरुस्त अवॉर्ड, व्याजाचा हिशेब, कोर्टाचा अधिकार कसा, बस. कोर्ट इथे खटला पुन्हा ऐकायला बसत नाही. रद्द करायची कारणं कलम 10 मध्ये मोजकी आहेत, लाच किंवा फसवणूक, उघड पक्षपात, महत्त्वाचा पुरावा ऐकायलाच नकार असलं गैरवर्तन, अधिकाराबाहेर जाणं, आणि 2008 च्या हॉल स्ट्रीट निकालानंतर पार्ट्यांना करार करूनही ही यादी वाढवता येत नाही.

दोनच आठवड्यांत जजचा आदेश आला आणि आमच्या पोटात गोळा आला. आदेश एवढाच होता की एलएलसीचे सदस्य कोण आणि त्यांचं नागरिकत्व काय ते शपथपत्रावर सांगा, पिटिशनमध्ये पुरेसं स्पष्ट नाही. म्हणजे सगळा कीस पाडून शेवटी एक वाक्य लिहायचं राहिलं होतं. भारतातून शेअर रजिस्टर, नोंदणीचा दाखला, शपथपत्र, सगळं चार दिवसांत पळापळ करून पाठवलं. जजने पुढे डायव्हर्सिटी पुरेशी आहे म्हटलं आणि कन्व्हेन्शनच्या प्रश्नाला हातच लावला नाही.

याच टप्प्यावर गोपनीयतेचा दणका बसला. आर्बिट्रेशन खासगी असतं या भरवशावर आम्ही अवॉर्डमध्ये काय काय येतंय याकडे लक्ष दिलं नव्हतं, आणि त्यात आमचे तासाचे दर, टीमची रचना, दुसऱ्या एका क्लायंटचा उल्लेख, सगळं होतं. कोर्टात जोडलेला कागद सार्वजनिक असतो हे तिथलं मूळ गृहीतक. सगळा अवॉर्ड सील करा अशी विनंती केली, नाकारली गेली. मोजक्या ओळी झाकायला परवानगी मिळाली, दुसऱ्या क्लायंटचं नाव झाकलं, दर उघडेच राहिले.

सप्टेंबरमध्ये समोरच्यांनी विरोध दाखल केला. दोन मुद्दे: लेखी मंजुरीचं कलम डावलून आर्बिट्रेटरने अधिकार ओलांडला, आणि त्यांच्या माजी प्रोजेक्ट मॅनेजरची ऐनवेळची साक्ष ऐकली नाही. रद्द करायचा वेगळा अर्ज त्यांनी कधीच टाकला नव्हता.

निकाल

जानेवारी 2025 मध्ये अवॉर्ड कन्फर्म झाला. विरोध तीन महिन्यांनंतरचा, म्हणून उशिराचा, आणि वेळेत असता तरी टिकला नसता, कारण आर्बिट्रेटर कराराचा अर्थच लावत होता. सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या ऑक्सफर्ड हेल्थ निकालातला विचार हाच, की अर्थ लावण्याचं काम पार्ट्यांनी ज्याच्यावर सोपवलं त्याने लावलेला अर्थ चांगला असो, वाईट असो की ओंगळ, तो टिकतो.

व्याज आणि खर्च धरून जजमेंट 6,88,000 डॉलरच्या आसपास गेलं. मग एक गोष्ट कळली जी मला आधीच माहीत असायला हवी होती. जजमेंट झालं की अवॉर्ड त्यात विरून जातो आणि पुढचं व्याज फेडरल दराने लागतं, एक वर्षाच्या सरकारी रोख्यांच्या दराशी बांधलेलं, तेव्हा ते चार टक्क्यांच्या थोडं वर होतं. दिवसाला सव्वाशेचे ऐंशीच्या आत आले. म्हणजे जजमेंटच्या दिवसापासून त्यांच्यासाठी उशीर करणं स्वस्त झालं.

वसुलीला 30 दिवसांची आपोआप स्थगिती असते, अपिलाची मुदतही तेवढीच. ती संपताच माहिती मागणारे समन्स आणि बँकेला खातं रोखायची नोटीस गेली, टेक्सासमधल्या गोदामासाठी तिथल्या फेडरल कोर्टात जजमेंट नोंदवायची तयारी केली. खातं अडकल्यावर तिसऱ्या दिवशी फोन आला. ज्या माणसाने दोन वर्षं एका ईमेलला धड उत्तर दिलं नाही तो म्हणतोय आजच बोलू. मार्चमध्ये 6,45,000 वर मिटलं, एकरकमी, 21 दिवसांत. तारण घेतलेला कर्जदाता रांगेत पुढे होता म्हणून शेवटचे 43,000 सोडले. पैसे आल्यावर जजमेंट फिटल्याची नोंद कोर्टात केली.

कोर्टाच्या टप्प्याचा वकिलांचा खर्च 58,000, तो आमच्याच खिशातून. आर्बिट्रेशनचा खर्च हरणाऱ्याने द्यावा असं कलमात होतं, अवॉर्ड वसूल करायला कोर्टात जावं लागलं तर काय, याबद्दल अक्षर नव्हतं. अमेरिकेत असं कलम नसेल तर ज्याचा त्याचा वकील ज्याच्या त्याच्या खर्चाने.

वेगळं काय करता आलं असतं

थांबण्याबद्दल माझं मत वकीलबाईंपेक्षा वेगळं आहे. त्या म्हणतात थांबलो म्हणून विरोध एका परिच्छेदात निकालात निघाला. मी म्हणतो तो विरोध तसाही पडणार होता, जजनेच लिहिलंय, आणि एप्रिलच्या शेवटी फाइल केलं असतं तर जुलैतल्या तारणाच्या आधी नाही तरी निदान त्याच्या बरोबरीने पोचलो असतो. दुरुस्त अवॉर्डनंतर लगेच मालमत्ता तात्पुरती अटकवून ठेवायचा अर्जही करता आला असता, न्यूयॉर्कच्या कायद्यात आर्बिट्रेशनच्या मदतीला तशी सोय आहे, फक्त अवॉर्ड निष्फळ ठरण्याचा धोका दाखवावा लागतो. संमतीच्या कागदावर सही करायला दिलेला नकार हा त्या धोक्याचा चांगला पुरावा झाला असता असं मला वाटतं. त्यावर त्या हसून म्हणाल्या, "तुम्हाला आता वाटतं, तेव्हा तुम्ही व्याज मोजत होता." खरंय.

ज्या गोष्टीवर आम्हा सगळ्यांचं एकमत आहे ती म्हणजे यूसीसी नोंदी ऑगस्टमध्ये नाही, मार्चमध्येच बघायच्या होत्या आणि दर महिन्याला बघायच्या होत्या. काम अर्ध्या तासाचं.

अवॉर्ड किती सविस्तर हवा हेही आर्बिट्रेशनच्या सुरुवातीला विचारलं जातं, आम्ही न विचार करता सकारण अवॉर्ड मागितला. पुन्हा मागेन, कारणं लिहिलेली होती म्हणूनच अर्थ लावला की अधिकार ओलांडला हा वाद कोर्टात चटकन मिटला. पण दर आणि इतर क्लायंटची नावं वेगळ्या परिशिष्टात टाका अशी विनंती आर्बिट्रेटरला आधीच करेन. त्यानंतरच्या एका टेंडरच्या बोलणीत समोरच्या खरेदी अधिकाऱ्याने आमचा 2020 चा तासाचा दर सेंटसकट सांगितला होता, आणि तो कुठून कळला हे विचारायची गरज नव्हती.

करारांचं कलम आता बदललंय. अवॉर्डवर जजमेंट नोंदवायला दोन्ही बाजूंची संमती, कन्फर्मेशनचा आणि वसुलीचा खर्च हरणाऱ्यावर, आणि जजमेंटनंतरही करारातलाच व्याजदर लागेल असं अगदी स्पष्ट शब्दांत, कारण मोघम लिहिलं तर कोर्ट फेडरल दरच लावतं. सही कोण करणार, एलएलसी की मूळ कंपनी, याला एक वेगळी ओळ. मागच्या महिन्यात एका नव्या क्लायंटने विचारलं की तुमचं हे कलम एवढं लांब का, तर मोठ्या सरांनी फोन माझ्याकडे दिला.